पोळ्याला आलेला मासा

मला फसवणाऱ्या बाईनंच मला समुद्र शिकवला, हे आधी सांगून टाकते. नाहीतर पुढचं ऐकून वाटेल, की तिच्या मनात पहिल्यापासून डूख होता. नव्हता. कॉलेजात आम्ही एका डब्यात जेवलो. तिच्या लग्नात मी पाठराखीण म्हणून तिच्या सासरी गेले. माझं लग्न झालं नाही, त्यावर गावात सगळ्यांचं बोलून झालं, पण तिनं कधी तो विषय काढला नाही. अशा माणसानं केसानं गळा कापला, तर ओरडायला आवाजसुद्धा फुटत नाही.

जालन्यात माझी रक्त-लघवी तपासायची लॅब आहे. खाली लॅब, वर घर. आमचं गाव तीर्थपुरीजवळ. अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. आई आधीच गेली होती. मी त्यांना इकडं घेऊन आले. बैलजोडी भावकीत देऊन टाकली. ज्या माणसानं उभा जन्म जनावरांशी बोलण्यात घालवला, तो माझ्या हॉलमधल्या भिंतीकडं बघत बसू लागला. टीव्ही लावला, की तोंड फिरवायचे. डॉक्टर म्हणाले, वाचा परत येऊ शकते, पण त्यांना बोलावंसं वाटलं पाहिजे. आता बोलावंसं वाटण्याची गोळी कुठल्या दुकानात मिळते, ते काही त्यांनी लिहून दिलं नाही.

माझी ती मैत्रीण भेटायला आली, अण्णांकडं बघितलं आणि म्हणाली, "यांना माशांची टाकी लावून दे. खाऱ्या पाण्याची."

तिच्या हॉलमध्ये अशी टाकी होती. मी आजवर त्या टाकीकडं शोभेची वस्तू म्हणूनच बघत आले होते. ती म्हणाली, "गोड्या पाण्यातले मासे नुस्ते फिरत राहतात. समुद्रातल्या जनावरांचं एकमेकांशी सारखं काहीतरी चालू असतं. बघणाऱ्याला बोलल्याशिवाय राहवत न्हाई बघ."

जालन्याला समुद्र. आमच्या नळाचं पाणी असं, की हंड्याला महिन्याभरात चुन्याचा थर चढतो. ते मशीनमधून गाळून घ्यायचं, ड्रममध्ये भरायचं, त्यात समुद्राचं म्हणून मिळणारं पाकिटातलं मीठ घोळायचं आणि काचेच्या नळीनं खारटपणा मोजायचा. शेजारणीनं विचारलं, घरचं मीठ चालत न्हाई का? मी म्हटलं, चालतं की, शेवटी रस्साच करायचा असेल तर चालतं. मोजमापाचं मला भय नाही, माझा धंदाच तो. वीज गेली, की लॅबच्या फ्रिजचा इन्व्हर्टर टाकीलाही चालायचा. उन्हाळ्यात पंखे लावायचे आणि पाण्यात बर्फाच्या बाटल्या सोडायच्या. हे सगळं तिनं माझ्यासोबत बाह्या सरसावून केलं.

खरी परीक्षा जनावरं निवडायची. ती फोनवर फोटो उघडून अण्णांच्या खुर्चीशेजारी बसायची आणि एकेकाचं स्थळ सांगावं तसं सांगायची. हा खातो काय, राहतो कुठं, कुणाशी पटतं, कुणाशी वाकडं. अण्णांचा विचार सरळ होता. बैलजोडी लावायची, तर उंची सारखी, रंग सारखा, शिंगांची वळणं सारखी, चाल सारखी. ढवळ्याशेजारी पवळ्या बांधला, तर एकाचा गुण दुसऱ्याला लागायचाच, म्हणून आधीच सारखे बघून घ्यावेत. त्यांनी एका निळ्या माशावर डाव्या हाताचं बोट ठेवलं आणि मग दोन बोटं वर केली.

"न्हाई काका," ती हसून म्हणाली, "इथं सगळं उलटं आहे. एका अंगाचे, एका रंगाचे दोन सोडले, की जीवच घेतात एकमेकाचा. त्याला वाटतं, हा माझंच खाणार आणि माझ्याच बिळात झोपणार."

अण्णा रुसले. जनावरांची जोडी लावायला त्यांना उभ्या पंचक्रोशीत कुणी शिकवलं नव्हतं. पण नंतर ऐकू लागले. तिचे नियम मला अजून पाठ आहेत. ज्याच्या तोंडात जो मावतो तो त्याचा घास समजायचा. आधी गरीब जनावर सोडायचं, तापट शेवटी, कारण जो आधी येतो तो जागेचा मालक होऊन बसतो. आणि नवं जनावर, कुणीही दिलेलं असो, आधी पंधरवडाभर वेगळ्या टबात ठेवायचं, त्याची चाल बघायची, मगच मोठ्या टाकीत. हा शेवटचा नियम तिनं मला दहादा घोकायला लावला होता.

आधी नारिंगी पट्ट्यांचे दोन क्लाऊनफिश आले. सारखे दोन चालतात असा तो अपवाद आहे, म्हणून अण्णांची समजूत निघाली. मग मुंबईहून ट्रॅव्हल्सनं थर्माकोलच्या खोक्यात एक पिवळा गोबी मासा आणि एक झिंगा आला. मी पहाटे अंबड चौफुलीवर जाऊन खोकं उतरवून घेतलं. हा झिंगा अंगठ्याएवढा, त्याची एक नांगी मोठी, ती मिटली की काचेबाहेर ऐकू येईल असा 'टक्' आवाज होतो. त्याला दिसत जवळजवळ नाही. दिवसभर वाळू-खडे उकरून तो बीळ करतो. आणि गोबी त्या बिळाच्या तोंडाशी बसून राखण करतो. झिंगा खडा ढकलत बाहेर येतो तेव्हा त्याची एक लांब मिशी कायम गोबीच्या पाठीवर टेकलेली असते. धोका दिसला, की गोबी शेपटी थरथरवतो आणि दोघंही आत.

तशी त्यांची गाठ काही लगेच पडली नव्हती. झिंगा एका कोपऱ्यात, गोबी दुसऱ्या. अण्णा रोज खुर्ची टाकीला लावून बसायचे, स्थळ जुळतंय का बघणाऱ्या बापासारखे. एका सकाळी मी खाली सुया मोजत होते आणि वरून आवाज आला. धावत गेले. अण्णांनी काचेवर बोट टेकलं होतं आणि तोंड वाकडं करून, घाम फुटेपर्यंत जोर लावून ते म्हणाले, "जागल्या."

जागल्या म्हणजे शेतात राखणीला बसणारा. गोबी त्यांचा जागल्या झाला. मग झिंगा सालदार झाला, कारण तो वर्षभर दुसऱ्याच्या भरवशावर मान खाली घालून राबतो. त्या दोन शब्दांवरून पुढचे शब्द येत गेले. "सालदार उठला." "जागल्या झोपला की." "पाणी दे." मी लॅबमध्ये जाऊन रडले आणि तिला फोन लावला. तीही रडली. ते रडणं खोटं नव्हतं असं मला आजही वाटतं, आणि म्हणूनच राग जास्त येतो.

आता एक रीत सांगते, कारण माझी तक्रार त्या रीतीवर उभी आहे. आमच्याकडं जनावराच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. दलाल हातावर टॉवेल टाकतो, त्याखाली बोटं धरून भाव सांगतात. पण हात टॉवेलखाली जाण्याआधी विकणाऱ्यानं जनावराची खोड सांगायची असते. मारका आहे, लाथ मारतो, पाण्यात बसतो, जे असेल ते चार माणसांत. खोड नसेल तर म्हणायचं, "निर्मळ आहे." खोड सांगून विकलेलं जनावर नंतर कसंही निघो, तक्रार नाही. खोड लपवून विकणाऱ्याच्या दावणीला मग कुणी जात नाही, त्याचा हात कापला असं म्हणतात. तीर्थपुरीच्या बाजारात असा एक दलाल होता, जो खोड ऐकल्याशिवाय टॉवेलच झटकायचा नाही. तो तिचा बाप.

अण्णांना वाचा आली, तसे ते तिला तिच्या बापाच्या गोष्टी सांगायचे. त्यांचा एक बैल ओढ्यात पाणी दिसलं, की खाली बसायचा. विकताना त्यांनी तसं सांगितलं, गिऱ्हाईक बिचकलं, भाव पडला. तेव्हा तिचा बाप म्हणाला होता, भाव पडला तर पडू दे, मान पडली न्हाई. अण्णांना वाक्य पुरं करायला वेळ लागायचा. ती त्यांचं वाक्य पुरं करायची, बापाच्या आवाजात, त्याच्यासारखा टॉवेल झटकून. आम्ही तिघं हसायचो.

पोळा आला. दारात बैल नसलेला अण्णांचा हा पहिलाच पोळा. मी मातीची बैलजोडी पाटावर मांडली होती, पुरणपोळी केली होती, पण अण्णा सकाळपासून गप्प. दुपारी ती आली. हातात पाण्यानं फुगलेली पिशवी, पिशवीला गोंडा बांधलेला. आत बोटाएवढा मासा, पुढून जांभळा, मागून पिवळाधम्मक.

"काका, पोळ्याला दावण रिकामी नसावी," ती म्हणाली. "तुमच्यासाठी आणला."

अण्णांचे डोळे भरले. मला म्हणाले, "कुंकू आण." मी त्या प्लॅस्टिकच्या पिशवीला कुंकू लावलं, ओवाळलं. हसू नका. आमच्यात दारात आलेल्या जनावराला असंच घेतात.

मग मी टब काढायला निघाले. अण्णांनी खुर्चीच्या हातावर थाप मारली. "आज न्हाई. पोळ्याला आलेलं जनावर... बाहेर न्हाई बांधत."

मी तिच्याकडं बघितलं. टबाचा नियम तिचाच होता. वाटलं, आता हीच म्हणेल, काका, जरा थांबा.

"ग्रामा आहे," ती म्हणाली. "एकदम गरीब जात. सोड बिनधास्त."

"कुणाच्या वाटेला जात न्हाई ना?"

"बिलकुल न्हाई ग."

माझ्या डोळ्यांत बघून म्हणाली. आणि धर्माच्या गायीचे दात मोजू नयेत हे तर आम्हाला आईच्या दुधासोबत मिळालेलं. मी तापमान जुळवलं, पाणी हळूहळू मिसळलं आणि मासा मोठ्या टाकीत सोडला. तो तळाशी गेला, एकेक कपार बघत हिंडला आणि सालदाराच्या बिळाशी थांबून आत डोकावला. मला वाटलं, पाहुणा घर बघतोय. अण्णा काही बोलले नाहीत. मी म्हटलं, बैल आठवले असतील.

पुढच्या आठवड्यात जागल्याची शेपटी फाटलेली दिसली. मग पाठीवरचा पर. तो बिळाबाहेर येईना. मी तिला फोन केला. ती म्हणाली, "अमोनिया बघ. पाण्याचंच असणार." मी बघितला, ठीक होता. तरी पाणी बदललं. परत फोन केला. ती म्हणाली, "मिठाचं पाकीट कुठलं आहे? लॉट खराब निघतात कधीकधी." मी नवं पाकीट मागवलं. मग म्हणाली, पंप साफ कर. मग म्हणाली, तुझ्या मशीनचं फिल्टर संपलं असेल. मी सगळं केलं. लोकांच्या रक्तातली साखर ज्या हातांनी मोजते, त्या माझ्या हातांवरचा माझा भरवसा उडाला. एकच मोजमाप दोन-दोनदा करू लागले, टाकीचंही आणि लॅबमधलंही. आणि प्रत्येक वेळी फोनवर तिचा तोच मायेचा आवाज, "होतं ग असं सुरुवातीला. मनाला लावून घेऊ नको."

जागल्या एका सकाळी पंपाच्या जाळीला चिकटलेला सापडला, अर्धाच. मी अण्णा उठायच्या आत काढून टाकला. पण सालदार राहिला होता ना. तो बिळाच्या तोंडाशी आला आणि मिशी बाहेर काढून चाचपू लागला. डावीकडं, उजवीकडं, वर. मिशीला पाठ लागेना, तसा आत गेला. परत आला. पुन्हा चाचपडला. अण्णा बघत होते.

"जागल्या?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, पाणी बाधलं त्याला.

थोड्याच दिवसांत सालदारही दिसेनासा झाला. अण्णांनी खुणेनं खुर्ची भिंतीकडं फिरवायला सांगितली. पुन्हा तीच भिंत. बोलणं आटत गेलं आणि पाण्याचा पेलासुद्धा ते बोटानं मागू लागले. मी कुठं चुकले, हेच मी मला विचारत राहिले.

मग एका सकाळी तिच्या सासूबाई उपाशीपोटीची साखर तपासायला लॅबमध्ये आल्या. मी त्यांच्या दंडाला पट्टा बांधला, सुई घातली. म्हातारी बोलकी. सुईकडं बघायचं नाही म्हणून माझ्याकडं बघून म्हणाली, "बरं झालं बाई, तू तेवढा मासा नेलास. लई वंगाळ जनावर. आमच्या टाकीत त्यानं एक जीव ठिवला न्हाई. सून रोज मेलेलं काढून राह्यली व्हती. दुकानदारानं गरीब म्हणून गळ्यात मारला तिच्या. मीच म्हणले, फेकून दे. तर म्हणली, नको, इतका देखणा मासा, जीव न्हाई होत. देते कुणाला तरी."

रक्त नळीत चढत होतं. मी नळी भरू दिली, सुई काढली, कापूस दाबला, म्हटलं, हात दुमडून धरा. काम हातांना पाठ असतं हे बरं.

वर जाऊन मासा बघितला आणि फोनवर दोन फोटो शेजारी-शेजारी धरले. ग्रामा आणि डॉटीबॅक नावाचा मारका मासा, दोघं दिसायला भाऊभाऊ. ग्रामाचा जांभळा रंग पिवळ्यात हळूहळू मिसळत जातो. डॉटीबॅकचा जांभळा मध्येच चाकूनं कापल्यासारखा थांबतो. माझ्या टाकीतल्याचा तसाच थांबला होता. हा सूर्य, हा जयद्रथ. दिसतं तसं नसतं म्हणून जग फसतं, हे शाळेच्या फळ्यावर मी स्वतः लिहिलेलं.

दुकानदारानं तिला फसवलं, ते मी समजू शकते. तिची टाकी रिकामी झाली, तिला वाईट वाटलं असेल, मासा मारवला नाही, तेही समजू शकते. तो माझ्याकडं आणलास, आण. खोड सांगून आण. मी वेगळी टाकी लावली असती त्याला, तुझ्यासाठी लावली असती. पण तू पोळ्याचा दिवस बघितलास, माझ्या बापाची रिकामी दावण बघितलीस. आणि नंतर मला पाणी मोजायला लावलंस! हे मला गिळवत नाही. मासा फक्त मासा होता. फोनवर ती होती.

उरलेले दोन क्लाऊनफिश मी टबात हलवले. बैल गेला अन् झोपा केला. मोठ्या टाकीत तो देखणा एकटा हिंडत राहिला.

दिवाळीत ती फराळाचा डबा घेऊन आली. मी मनात भाषणं तयार केली होती, एकाहून एक जहरी. तिला बघितलं आणि एकही आठवेना. अण्णांना मी सासूबाईंचं काही सांगितलेलं नव्हतं. आधीच तुटलेला माणूस, त्याला आणखी कशाला.

"बाकीचे कुठं गेले ग?" तिनं टाकीकडं बघत विचारलं.

"पाण्यानं गेले म्हणे," मी म्हटलं.

तेवढ्यात अण्णांनी खुर्ची फिरवायची खूण केली. कितीतरी दिवसांनी टाकीकडं. खांद्यावरचा टॉवेल त्यांनी डाव्या हातानं ओढला आणि त्याच हातावर टाकला. डाव्या हातानं सौदा करत नाहीत, पण उजवा राहिला नव्हता. टॉवेलखालचा हात त्यांनी तिच्यापुढं केला. तिला वाटलं, नेहमीचा खेळ. हसत पुढं आली, खाली बसली आणि हात टॉवेलखाली घातला.

"खोड सांग," अण्णा म्हणाले.

"कशाची काका?"

त्यांनी हनुवटीनं टाकीतला मासा दाखवला.

ती हसतच राहिली, पण ते हसणं आता नुसतं ओठांवर होतं. मी चहाचे कप घेऊन दारात उभी होते. मनात म्हटलं, सांग. अजून सांग. आत्ता सांगितलंस तर मी सगळं सोडून देते, देवाशपथ.

"काय खोड असणार काका," ती म्हणाली. "निर्मळ आहे."

अण्णांनी हात बाहेर काढला. टॉवेल घडी करून खांद्यावर टाकला. तिनं चहा घेतला, घाईत पोरांच्या परीक्षेचं काहीतरी सांगितलं आणि गेली. जिन्यावरून तिची चप्पल वाजायची थांबली, तेव्हा अण्णा म्हणाले, "हात कापला तिचा."

मासा देऊन टाकावा म्हणून मी आमच्या हौशी लोकांच्या ग्रुपवर फोटो टाकला आणि खाली लिहिलं: ग्रामा नाही, डॉटीबॅक आहे, मारका आहे, सोबतच्यांना मारतो, एकटा ठेवणार असेल त्यानंच न्यावा. कुणी नेला नाही. तीही त्या ग्रुपवर आहे. तिनं त्यावर अंगठा टाकला. अजून रोज सकाळी तिचा फुलांचा फोटो येतो, शुभ सकाळ म्हणून. मी बघते आणि फोन पालथा ठेवते.

खुर्ची त्या दिवसापासून टाकीकडंच आहे. अण्णा परत थोडं बोलतात, माशाला शिव्या का होईना. परवा मी त्याला खायला घालत होते. तो पाण्याच्या वर झेपावून माझ्या बोटाला डसायला बघतो, इतका धीट झालाय. मी अण्णांना विचारलं, "तुम्हाला कधी कळलं, की हाच मारतोय?"

"पोळ्यालाच," ते म्हणाले. "सोडला तसा... बिळात बघत व्हता. मारकं जनावर तसंच बघतं."

मी हातातली डबी खाली ठेवली. "मंग अण्णा, तवाच का न्हाई बोललात? तवा तर तुम्हाला बोलता येत व्हतं."

त्यांनी माझ्याकडं बघितलं, मला एवढं साधं कसं कळत नाही असं.

"ती म्हणली व्हती ना," ते म्हणाले, "गरीब आहे म्हणून."